अपघात, डॉक्टरांची हलगर्जी आणि नुकसानभरपाई: पक्षकार नेहमी विचारतात ते प्रश्न

सातारा जिल्ह्यात मोटार अपघाताचे दावे आणि रुग्णांच्या तक्रारी चालवताना तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. लोक विचारतात तशाच भाषेत ते इथे घेतले आहेत. तुमच्या केसचे कागद पाहिल्याशिवाय कुणी ठाम आकडा सांगत असेल, तर त्याच्यापासून जरा जपून राहा.

अपघात झाला. पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

आधी माणूस वाचवा. ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना लागू आहे. तिच्यात रस्ते अपघातातल्या जखमीवर नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार होतात, त्यामुळे दारात पैशांवरून अडवणूक झाली तर योजनेचं नाव घेऊन विचारा. जखमीला उचलून आणणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चं संरक्षण आहे. आपलं नाव-गाव सांगायचीही सक्ती त्याच्यावर नाही.

मग कागद. दवाखान्यात ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या रुग्णाची) नोंद झाली का, आणि त्या नोंदीत कारण काय लिहिलंय, हे त्याच दिवशी बघा. घाबरलेला नातेवाईक कॅज्युअल्टीत ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगतो, डॉक्टर तेवढंच लिहितात, आणि चार वर्षांनी उलटतपासात विमा कंपनीचा वकील तोच कागद हातात धरून म्हणतो, ‘ट्रकने धडक दिली असं इथे कुठेच नाही.’ पोलिसांच्या फिर्यादीचंही तसंच. गाडीचा नंबर एका आकड्याने चुकला तरी तो दुरुस्त करून घेता घेता वर्ष जातं.

घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मिळवा आणि बसून नीट वाचा. दुचाकी रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडली होती, टायरच्या खुणा किती लांब होत्या, काचा आणि रक्त कुठे होतं, यावरून कोण कुणाच्या बाजूला घुसला हे ठरतं. पंचनाम्यात दोन्ही गाड्या ‘रस्त्याच्या मधोमध’ लिहिल्या गेल्या की चूक दोघांत वाटली जाण्याची भीती असते. गाड्या हलवण्याआधी मोबाइलवर काढलेले फोटो म्हणूनच मोलाचे. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे मात्र तुम्हालाच ठाण्यात जाऊन विचारावं लागेल.

दावा कुठे लावायचा आणि किती दिवसांत?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात खंबाटकी घाटात झाला आणि तुम्ही नाशिकला राहत असाल, तर दावा नाशिकलाही लावता येतो. जिथे अपघात झाला, जिथे अर्जदार राहतो किंवा कामधंदा करतो, किंवा जिथे प्रतिवादी राहतो, यांपैकी कुठेही चालतं. दर तारखेला सातारा गाठायची गरज नाही.

मुदत सहा महिने. २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि ही मुदत परत आली, त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती. गावाकडे अजूनही ‘अपघाताच्या क्लेमला मुदत नसते’ असं सांगणारे जाणकार भेटतात, त्यांचं ऐकू नका. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नका असं सांगितलं. उशीर झालेल्यांना त्याचा आधार आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर दावा ठेवून देणं शहाणपणाचं नाही.

धडक देणारा गरीब ड्रायव्हर आहे. त्याच्याकडून काय मिळणार?

पैसे त्याच्या खिशातून यायचेच नसतात. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो यासाठीच. दावा ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांवर लावतात आणि रक्कम सहसा कंपनी भरते. ड्रायव्हरकडे लायसन्स नसेल तर कंपनी हात वर करते. पण २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून न्यायालयं बऱ्याचदा ‘आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात.

विमाच नसेल तर मात्र अवघड आहे. निकाल मालकाविरुद्ध होतो आणि वसुलीसाठी त्याच्या मिळकतीच्या मागे लागावं लागतं. एसटीची बस असेल तर महामंडळच मालक म्हणून प्रतिवादी असतं आणि रक्कम तेच भरतं.

रक्कम ठरते कशी? शेजारच्या गावात एकाला पन्नास लाख मिळाले म्हणे.

मिळालेही असतील, पण त्यांचं वय, उत्पन्न आणि घरात खाणारी तोंडं वेगळी होती. मृत्यूच्या दाव्यात हिशेब बराचसा ठरीव आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांवर तो उभा आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ.

३८ वर्षांचा प्लंबर, महिना २०,००० रुपये कमाई. मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. वर्षाचे झाले २,४०,०००. तो जगता तर कमाई वाढली असती, म्हणून स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला ४० टक्के वाढ धरतात: ३,३६,०००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: २,५२,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं. ३६ ते ४० वयाला गुणक १५. म्हणजे ३७,८०,००० रुपये.

यात सहवासाच्या हानीचे (जवळच्या माणसाची साथ गेल्याचे) प्रत्येकी ४०,००० आणि संपदेची हानी (मयताच्या मालमत्तेचं नुकसान) व अंत्यविधी यांचे १५-१५ हजार मिळवायचे. या रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. २०२० आणि २०२३ च्या वाढी धरल्या तर सहवासाचे माणशी ४८,४०० आणि बाकीच्या दोन बाबींचे १८,१५० होतात. चौघांचे आणि त्या दोन बाबींचे मिळून बेरीज जाते ४०,०९,९०० रुपयांवर. त्यावर दावा दाखल केल्याच्या तारखेपासून व्याज.

पंचविशीच्या आत गुणक १८ असतो, पासष्टीनंतर ५. मयत अविवाहित असेल तर सहसा निम्मं उत्पन्न त्याच्या खर्चापोटी वजा होतं. एकुलता मुलगा गमावलेल्या आईबापांना हे ‘निम्मं’ फार लागतं, आणि मला स्वतःलाही हा नियम कडक वाटतो. एकट्या मुलाच्या पगारावर चालणारं घर आपल्याकडे काही दुर्मिळ नाही.

आमच्याकडे पगाराची स्लिप नाही. शेती आहे. आणि आईचा मृत्यू झाला असेल तर? ती तर काही कमवत नव्हती.

शेतकऱ्याच्या केसमध्ये विमा कंपनीचं ठरलेलं म्हणणं असतं: जमीन तर जागेवरच आहे, ती वारसांच्या नावावर होईल, मग नुकसान कसलं? उत्तर असं की जमीन राहिली, पण ती कसणारा, पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा, मजूर लावणारा माणूस गेला. त्याच्या देखरेखीची किंमत धरावी लागते. नुसता सातबारा देऊन भागत नाही. कारखान्याची ऊसबिलं, डेअरीचं दुधाचं पासबुक, बाजार समितीच्या पट्ट्या, पीककर्जाचे हप्ते, ट्रॅक्टर भाड्याने जात असेल तर डिझेलच्या पावत्या, हे सगळं गोळा करा. दुधाचं पासबुक मला विशेष आवडतं. दर दहा दिवसांचं बिल, वर्षानुवर्षं, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं. त्याला खोटं म्हणणं कठीण.

रोजंदारीवाल्याचं काहीच नसेल तर न्यायालय किमान वेतन आधाराला घेतं.

गृहिणीबद्दल २०२१ च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घरकामाला आर्थिक मूल्य आहे, तिचं काल्पनिक उत्पन्न धरायचं आणि भविष्यातली वाढही द्यायची. तरी दाव्यात ‘गृहिणी’ एवढा एकच शब्द लिहून मोकळं होऊ नका. ती शिवण करत होती, म्हशी सांभाळत होती, भाजी विकत होती, बचत गटाचा हिशेब ठेवत होती, तर तसं लिहा आणि गटाची वही जोडा.

जीव वाचला, पण पाय गेला. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला ४० टक्क्यांचा आहे.

दाखल्यातली टक्केवारी शरीराची असते. भरपाई ठरते कमाईवर किती परिणाम झाला त्यावरून. २०११ च्या राजकुमार निकालाने हा फरक नीट मांडला. तेच ४० टक्के अपंगत्व बँकेत बसून काम करणाऱ्याला कमी बाधतं आणि हमालाला पूर्ण बसवतं. जगदीश विरुद्ध मोहन (२०१८) या प्रकरणात एका सुताराच्या दोन्ही हातांना इजा झाली होती. दाखला ९० टक्क्यांचा, पण हातच गेल्यावर सुतारकाम कसलं, म्हणून न्यायालयाने कमाईचं नुकसान १०० टक्के धरलं.

म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं. नुसता दाखला फाईलला लावून सोडला तर कंपनी आक्षेप घेते. उपचारांची बिलं, पुढच्या शस्त्रक्रियेचा अंदाज, जयपूर फूट किंवा कृत्रिम पाय बदलण्याचा खर्च, सोबत राहणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, तीही मागा.

हेल्मेट नव्हतं, आणि गाडीवर तिघे होते. मग क्लेम गेला का?

नाही. वाहतुकीचा नियम मोडणं वेगळं आणि अपघाताला कारण ठरणं वेगळं. २०२० च्या मोहम्मद सिद्दीक निकालात न्यायालयाने म्हटलं की केवळ तिब्बल सीट असल्याने सहभागी निष्काळजीपणा (म्हणजे अपघातात जखमीचीही चूक) सिद्ध होत नाही, त्या तिसऱ्या माणसामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं. मागून ट्रकने ठोकलं असेल तर दोघे काय अन् तिघे काय. हेल्मेटचा मुद्दा मात्र डोक्याच्या इजेत विमा कंपनी हमखास काढते.

धडक देऊन गाडी पळाली. नंबरच नाही.

‘हिट अँड रन’ योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपये मिळतात. एप्रिल २०२२ आधी हेच २५,००० आणि १२,५०० होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयातून पुढे जातो. पुढे गाडी सापडली तर रीतसर दावा लावता येतो, आधी घेतलेली रक्कम त्यातून वळती होते. टोलनाक्याचं आणि ढाब्यांचं सीसीटीव्ही फुटेज लवकर पुसलं जातं, म्हणून पोलिसांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच लेखी अर्ज द्या.

भाऊ स्वतःच गाडी चालवताना खड्ड्यात आपटून गेला. समोर दुसरी गाडीच नव्हती.

स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात चालकाच्या वारसांना कलम १६६ खाली काही मिळत नाही. तो स्वतः मालक असेल आणि पॉलिसीत वैयक्तिक अपघात कव्हर असेल तर १५ लाख मिळतात. गाडीची पॉलिसी आधी शोधा, घरच्यांना बहुतेकदा या कव्हरचा पत्ताच नसतो.

खड्ड्याबद्दल मात्र आता वेगळी वाट आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमीला इजेप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख रुपये द्यावेत. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्या महापालिकेने किंवा यंत्रणेने ते भरायचे आणि नंतर दोषी ठेकेदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायचे. दावे ठरवायला समित्या नेमायला सांगितलं, त्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिवही असतात. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी खडी-डांबर येऊन पडतं, ही तत्परता एरवी दिसत नाही.

लोकलमधून पडून मृत्यू झाला तर?

तो विषय रेल्वे दावा न्यायाधिकरणाचा. मुदत एक वर्ष. मृत्यूला ८ लाख रुपये ठरलेले आहेत. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले, तेव्हा ‘चूक त्यांचीच’ असं बरेच जण म्हणाले. कायदा तसं म्हणत नाही. चालत्या गाडीतून अपघाताने पडणं ही रेल्वे कायद्याच्या कलम १२४ अ मधली ‘अनुचित घटना’ आहे आणि तिथे रेल्वेची चूक सिद्ध करायची गरज नसते. तिकीट सापडलं नाही म्हणूनही दावा आपोआप बाद होत नाही, हे रीना देवी (२०१८) निकालात सांगितलंय, मात्र प्रवासाबद्दल प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पास असेल तर तो किंवा मोबाइल ॲपवरची तिकिटाची नोंद जपून ठेवा. रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूला ही भरपाई मिळत नाही.

फौजदारी केसमध्ये आरोपी सुटला तर आमचा दावा संपला का?

संपत नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, दाव्यात कोणती बाजू जास्त संभवनीय एवढंच पाहतात.

१९ मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर हा प्रश्न फार विचारला जातो. दोन तरुण अभियंते गेले, चालक १७ वर्षांचा, आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. त्या खटल्याचं काय व्हायचं ते होवो, भरपाईची जबाबदारी गाडीच्या मालकावर आणि विम्यावर स्वतंत्रपणे येते. शिवाय अल्पवयीनाच्या हाती गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड आहे.

ऑपरेशननंतर रुग्ण दगावला. ही डॉक्टरची हलगर्जी म्हणायची का?

तेवढ्यावरून नाही. निकाल वाईट लागला म्हणजे चूक झालीच असं कायदा धरत नाही. त्या डॉक्टरच्या जागी साधारण कुशल, सावध डॉक्टर असता तर त्याने काय केलं असतं, हा प्रश्न विचारतात.

यातले दोन मूळ निकाल आपल्याच मातीतले आहेत. १९५३ साली कोकणातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून पाय ओढला, प्लास्टर केलं, आणि मुलगा त्याच रात्री गेला. वडील स्वतः डॉक्टर होते, ते शेवटपर्यंत लढले. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो निकाल आजही सांगितला जातो: रुग्ण स्वीकारायचा का, कोणते उपचार द्यायचे, आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घ्यायची असते. भरपाई होती ३,००० रुपये. तेव्हाचे असले तरी थोडेच.

दुसरं प्रकरण तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयातलं. जुलै १९६३ मध्ये बाळंतपणानंतर केलेल्या नसबंदीत पोटात कापडाचा बोळा राहिला. बाई गेली. कुणाच्या हातून राहिला हे सिद्ध करता येईना. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, तेहतीस वर्षांनी, म्हटलं की बोळा पोटात राहिला हाच हलगर्जीचा पुरावा, आणि राज्य सरकार जबाबदार. तेव्हा ‘सरकारी दवाखान्यावर केस होत नाही’ हे खरं नाही.

संमतीचा मुद्दा अनेकदा याहून सोपा असतो. समीरा कोहली (२००८) प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढले, तेही तिच्या आईला विचारून. रुग्ण सज्ञान असताना आईची संमती चालत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. कोऱ्या फॉर्मवर आधीच घेतलेली सही तुमच्या केसमध्ये असेल तर वकिलाला आवर्जून सांगा.

तक्रार कुठे करायची? थेट पोलिसात जाऊ का?

पैसे भरून उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. रुग्णालयाला दिलेलं बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मग तुम्ही मागणी कितीची करता ते कितीही असो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोग नाही, तिथे दिवाणी दावा.

पोलिसात जाण्याची घाई करू नका, असं मी बहुतेकांना सांगते. जेकब मॅथ्यू (२००५) निकालानंतर डॉक्टरवर गुन्हा नोंदवायला ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये डॉक्टरांना कमाल शिक्षा दोन वर्षं आहे, इतरांना पाच. तज्ज्ञ समितीने ‘हलगर्जी आढळली नाही’ असं दोन ओळींत लिहून दिलं की तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्यावर उलटतो. आणि दवाखान्याची तोडफोड केलीत तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली तो अजामीनपात्र गुन्हा आहे. मग तक्रारदार राहतो बाजूला आणि तुम्ही आरोपी होता.

हॉस्पिटल केसपेपर देत नाही. बिल थकलंय म्हणून मृतदेहही अडवलाय.

दोन्ही बेकायदा. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मागणीच्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी मागितलेलं पुढे कुणी कबूल करत नाही. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको: नर्सिंग नोट्स, भुलीचा तक्ता, औषधांचा चार्ट, संमतीपत्रं, सगळं मागा. खरी वेळ बहुधा नर्सिंग नोट्समध्ये सापडते. डॉक्टर ‘लगेच तपासले’ लिहितात आणि नर्सच्या नोंदीत कॉल दिल्याची वेळ दोन तास आधीची असते.

मृतदेह अडवता येत नाही, २०२१ च्या राज्याच्या नर्सिंग होम नियमांत तसं आहे. २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गर्भवतीकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, जुळ्यांना जन्म देऊन ती दगावली, आणि हा विषय ऐरणीवर आला. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे.

वैद्यकीय प्रकरणात कोटींची भरपाई खरंच मिळते?

क्वचित. डॉ. कुणाल साहा यांच्या पत्नीला १९९८ मध्ये कोलकात्यात त्वचेच्या आजारावर स्टेरॉइडचा बेसुमार डोस दिला गेला, मुंबईत हलवल्यावर त्यांचं निधन झालं. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जवळपास ६ कोटी आणि वर ६ टक्के व्याज दिलं. साहा स्वतः अमेरिकेत डॉक्टर होते, वैद्यकीय मुद्दे स्वतः मांडू शकत होते, आणि पंधरा वर्षं लढले. ही केस नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवलीत तर तुमच्या रास्त रकमेवरही तुम्ही नाराज राहाल.

एक जण दवाखान्यातच भेटला. म्हणाला, आधी काही देऊ नका, क्लेमचे तीस टक्के घेऊ.

वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि अपघात विभागाबाहेर वकीलपत्र घेऊन उभा असलेला माणूस बहुधा वकील नसतोच. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

विमा कंपनी लोकअदालतीत तडजोड करू म्हणतेय. घ्यावी?

वर दाखवला तसा हिशेब कागदावर मांडा आणि मग ऑफर बघा. कंपनी थोडं कमी देत असेल आणि तुमच्या पुराव्यात भोक असेल तर घ्या, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, पैसे लवकर येतात. निम्म्यावर आणत असेल तर थांबा. निकालाविरुद्ध अपील ९० दिवसांत करता येतं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईला जावं लागत नाही, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय.

रक्कम मंजूर झाली की अज्ञान मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत जातो, विधवेच्या वाट्याचाही काही भाग तसाच ठेवतात. शिक्षण किंवा आजारपणासाठी ठेव मोडायची असेल तर न्यायाधिकरणात अर्ज द्यावा लागतो, फीची पावती जोडली की तो सहसा मंजूर होतो. बँक खातं मात्र प्रत्येक वारसाचं स्वतःच्या नावाने उघडा. दीर किंवा चुलत्याच्या खात्यात ‘सगळ्यांचे मिळून’ पैसे घेऊ नका.